गयाआत्याची हजेरी

आधीच सांगून ठेवते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी अक्कल शिकवायला नको... माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. परीक्षेच्या आधी आई मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला आली की मी म्हणायचे, "आई, ते मीठ आमटीत टाक, अळणी झालीय." नांदेडला इंजिनिअरिंगला होते तेव्हा होस्टेलच्या मुली वाटी उलटी ठेवून प्लँचेट करायच्या. वाटी सरकवणारी मीच असायचे! आणि पुढं काम मिळालं तेही कॉम्प्युटरचं. तिथं काही विचित्र झालं तर कुणाची तरी चूक असते, आणि बहुतेक वेळा ती आपलीच निघते.

तर अशी मी. आणि हे माझ्यासमोर घडलंय, मैत्रिणीच्या चुलत नणंदेला आलेला अनुभव नाही. घाबरायला बसला असाल तर मात्र निराश व्हाल. कारण मला त्या दिवसाची आठवण आली की भीती वाटत नाही, हात जोडावेसे वाटतात.

गाव लातूर. करोनाच्या आधीची गोष्ट. बाहेरच्या माणसाला लातूर माहीत असतं ते दोन गोष्टींमुळे... भूकंप आणि क्लासेस. माझ्या वाट्याला दोन्ही आले. औसा तालुक्यातलं आमचं गाव भूकंपात बसलं तेव्हा मी बालवाडीत होते, आणि मोठी होऊन नोकरीला लागले ती एका मेडिकल एन्ट्रन्सच्या क्लासमध्ये. क्लासचं नाव सांगणार नाही, विचारू नका. त्या रस्त्यावर गुणवंतांच्या फोटोंचे फलक इतके की मागच्या इमारतींना खिडक्या आहेत का नाहीत ते कळत नाही. त्यातल्याच एका फलकामागं आमचं ऑफिस, आणि त्याच आवारात मागच्या बाजूला मुलींचं होस्टेल.

क्लासचे मालक म्हणजे आमचे सर. फिजिक्स शिकवायचे, आणि दर महिन्याला त्यांच्या डोक्यात नवीन काहीतरी यायचं. त्या वर्षीचं खूळ असं, की सकाळी नाश्त्याला मुली मशीनवर अंगठा लावतात, तर जिचा अंगठा लागला नाही तिच्या पालकांना आपोआप मेसेज गेला पाहिजे. "सविता मॅडम, बापाला वाटलं पाहिजे की आपलं लक्ष आहे!" मी म्हटलं, "सर, लक्ष असलं तर वाटेलच की." सर हसले नाहीत.

आता थोडं कामाचं सांगते, कंटाळू नका, पुढं लागणार आहे. सगळ्या मुलींची माहिती एका डेटाबेसमध्ये असते. ठरलेल्या वेळी आपोआप जागा होऊन त्या माहितीतून काम करणारा छोटा प्रोग्रॅम डेटाबेसला जोडायचा, त्याला प्लगिन म्हणतात. पण तो बरोबर लिहिलाय का हे बघायला रोज सकाळपर्यंत कोण वाट बघत बसणार? म्हणून काळ्या स्क्रीनवर एक कमांड टाइप करायची. तेवढ्यानं प्लगिनला वाटतं आपली वेळ झाली. तो चालतो, आणि मी काय काय केलं असतं ते स्क्रीनवर लिहून दाखवतो. खरं मात्र काहीच करत नाही. नाटकाची तालीम असते ना, तसं. तलवार उपसायची, पण मारायचं नाही कुणाला.

या तालमीसाठी खऱ्या मुलींची माहिती वापरत नाहीत. मी वेगळा टेस्ट डेटाबेस केला होता. त्यात सगळ्या खोट्या मुली... एकीचं नाव भेंडी, एकीचं गवार, असा माझा पोरकटपणा. एक रकाना होता 'हजेरी घेणाऱ्याचं नाव'. सरांना तिथं रेक्टरबाईंचं नाव हवं होतं. तो रिकामा ठेवला की प्लगिन अडून बसायचा. काहीतरी भरायला पाहिजे, म्हणून हाताला आलं ते नाव टाकलं आणि पुढं गेले.

तो महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता. आपल्याकडं मराठवाड्यात महालक्ष्म्या, म्हणजे तिकडच्या गौरी, हा दिवाळीपेक्षा मोठा सण. आदल्या दिवशीच होस्टेल रिकामं झालेलं, ऑफिसात कुणी नाही. मी होते, कारण आमच्या घरी महालक्ष्म्या बसत नाहीत. मुखवटे भूकंपात गेले, आजोबाही गेले, आणि आईनं पुन्हा मांडल्या नाहीत. सणाच्या दिवशी घरात बसून दुसऱ्यांच्या पुरणाचा वास घेण्यापेक्षा मी ऑफिसला जाते.

दुपारची वेळ. डबा खाल्ला आणि कमांड चालवली. स्क्रीनवर ओळी आल्या. भेंडी अनुपस्थित, 'आपली पाल्य आज नाश्त्यास अनुपस्थित आहे, कृपया संपर्क साधावा.' गवारचंही तसंच. बरोबर. आणि सगळ्यात खाली एक जादा ओळ...

'लेकरू उठलं न्हाई. बघा जरा.'

ना नाव, ना नंबर. नुसती ओळ.

माझं डोकं फिरलं. माझ्याबरोबर सचिन नावाचा एक मुलगा काम करायचा, त्याला असल्या मस्करीची भारी हौस. त्यानंच घुसवलं असणार म्हणून लावला फोन. तो नायगावला त्याच्या घरी.

"काय रे ए, माझ्या कोडमध्ये हात घालायचं तुला कुणी सांगितलं?"

"अगं बाई... मी इथं पुरणपोळी हाणून राहिलोय. कसलं कोड?"

"लेकरू उठलं न्हाई म्हणे! टाइमपास सुचतो का तुला?"

"सविता, तू जेवलीस का? आधी जेव. उपाशीपोटी तू अशीच करतेस." आणि ठेवला फोन.

मी पूर्ण प्रोग्रॅममध्ये ते वाक्य शोधलं. नाही. टेस्ट डेटाबेसमध्ये शोधलं. नाही. परत कमांड चालवली. भेंडी, गवार, आणि खाली तीच ओळ.

आणि मग मात्र माझे हात थांबले. कारण सचिनला ते वाक्य माहीत असायचं काही कारणच नव्हतं. ऑफिसात मी ते कधीच कुणाला सांगितलेलं नव्हतं. ते वाक्य आमच्या गावचं, आणि एकाच बाईचं. हजेरी घेणाऱ्याच्या रकान्यात मी जिचं नाव टाकलं होतं, तिचं... गयाआत्याचं.

गयाआत्या कुणाचीच सख्खी आत्या नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. भूकंपाच्या रात्री ती माहेरी, औशाला, आजारी भावाकडं गेलेली. दोन्ही लेकरं गावात आजीजवळ ठेवून. सकाळी धावत आली तेव्हा घराच्या जागी दगडांचा ढीग. जो तो आपापल्या ढिगावर. तिच्या दाराशी कुणी हाक मारायलाही आलं नव्हतं, कारण लोकांना वाटलं गयाबाई लेकरांना घेऊन माहेरी गेली. आई सांगायची, लोकांनी ढीग उपसला तेव्हा धाकटा अजून गरम होता.

पुढं आम्ही सगळे पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. आणि एक दिवस उजाडल्यावर गयाआत्या निघाली. एकेका शेडपुढं उभी राहायची आणि विचारायची, "लेकरू उठलं का?" आतून कुणीतरी "उठलं" म्हणायचं, की पुढच्या दारात. पाऊस असो, थंडी असो. ज्या घरातून उत्तर आलं नाही तिथून ती हलायची नाही. आख्खी ओळ गोळा होईल असा आवाज लावायची, "लेकरू उठलं न्हाई! बघा जरा!" सुरुवातीला लोक कावले. एक-दोघं म्हणाले, बाईचं डोकं गेलं. पण मग ती गावाची पद्धतच होऊन बसली. सकाळी आधी आत्याला 'उठलं' म्हणायचं, मग चूल. पक्की घरं मिळाली, नवं गाव वसलं, तरी तिची फेरी चालूच. लेकरांची लग्नं होऊन त्यांना लेकरं झाली, तरी चालूच! मी आठवी-नववीत असताना वैतागून आतूनच ओरडायचे, "उठले गं आत्या, उठले, जा आता!" आणि ती बाहेरून म्हणायची, "तोंड हाय की जातं हाय गं सवे तुझं?" आणि हसत पुढं.

मी नांदेडला शिकत होते तेव्हा ती गेली. दुखणं नाही, खुपणं नाही, झोपेत. आई म्हणाली, त्यानंतर कितीतरी दिवस बायका सकाळी दारात येऊन नुसत्याच उभ्या राहायच्या. मग पद्धत बंद पडली.

तर अशा बाईचं वाक्य माझ्या स्क्रीनवर. मी त्या ओळीकडं बघत बसले होते तेवढ्यात ऑफिसचा लँडलाइन वाजला.

"हॅलो, लातूरचा क्लास ना? मी हदगावहून बोलून राहिलो. अंकिताचा बाप. टेलरिंगचं दुकान हाय बघा माझं."

"हां काका, बोला."

"काही नाही मॅडम... तुमचा मेसेज आला आत्ता, म्हणून घाबरलो जरा."

"कसला मेसेज? आम्ही अजून पाठवत नाही मेसेज."

"ह्याच नंबरवरून आलाय की. 'लेकरू उठलं न्हाई. बघा जरा.' असं हाय. अंकिता बरी हाय ना?"

त्या लँडलाइनवरून मेसेज जातच नाही हो. जुना, वायर गुंडाळलेला, धूळ बसलेला फोन. मेसेज पाठवणाऱ्या कंपनीशी आमचा करारसुद्धा झालेला नव्हता. पण हे सगळं नंतर सुचलं. त्या क्षणी मी एवढंच म्हटलं, "काका, अंकिता तर घरी आलीय ना? सगळ्या मुली कालच गेल्या."

 पलीकडचा आवाज बदलला.

"घरी? न्हाई हो मॅडम. ती तर रात्री म्हणली, टेस्ट हाय, मी येत न्हाई, इथंच थांबते..."

मी फोन ठेवला का तसाच टाकला, आठवत नाही. पळत सुटले. होस्टेलच्या खालच्या खोलीत रेक्टरबाई जेवायला बसल्या होत्या, ताटात पुरण. "अंकिता? ती गेली की नांदेडच्या पोरींबरोबर! स्वतः सांगून गेली मला." मी म्हटलं, "बाई, वर चला." माझं तोंड बघून त्या उष्ट्या हातानंच उठल्या.

वरच्या मजल्यावर सगळ्या खोल्यांना बाहेरून कुलपं. एका दाराला नव्हतं. ते आतून लावलेलं होतं.

मी दार बडवलं. हाका मारल्या. काही नाही. वॉचमन काकांना बोलावलं, त्यांनी खांद्यानं धडका देऊन कडी उखडली. आत अंकिता कॉटवर. भरलेली बॅग पायाशी तशीच. डोळे अर्धे उघडे, पण ओळख नाही. अंगावर लाल पुरळ, ओठ सुकून पांढरे, आणि हातपाय गार पडलेले. रेक्टरबाई रडायलाच लागल्या. मी त्यांच्यावर ओरडले, "रडायचं नंतर, पाय धरा!" वॉचमन काकांनी रिक्षा थांबवली, आणि आम्ही तिला घेऊन दवाखान्यात.

डेंगी. आधीपासून अंगावर काढलेला. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "आणखी थोडा वेळ गेला असता तर मी काही करू शकलो नसतो. कुणाच्या लक्षात आलं?"

मी काय सांगणार? रेक्टरबाई माझ्याकडं बघत होत्या. मी म्हटलं, "वडिलांच्या."

नंतर कळलं ते असं. अंकिता घरी निघाली होती, रेक्टरबाईंना सांगूनही झालं होतं. पण अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं. तापाचं कळलं तर वडील सणाचं टाकून धावत येतील, म्हणून त्यांना सांगितलं, टेस्ट आहे. थोडं पडते, बरं वाटलं की उठेन, म्हणून आतून कडी लावून पडली. म्हणजे होस्टेलला वाटत होतं पोरगी घरी आहे, घरच्यांना वाटत होतं होस्टेलला आहे. दोन्हीकडं कुणीच तिला हाक मारणार नव्हतं. गयाआत्याच्या लेकरांचं अगदी हेच झालं होतं.

दिवेलागणीला तिचे वडील आले, गळ्यातली मापाची टेप काढायचंही सुचलेलं नाही. त्यांनी मला मोबाइल दाखवला. मी माझ्या डोळ्यांनी वाचला तो मेसेज. वर आमचा लँडलाइन नंबर, खाली तेच शब्द. ते म्हणाले, "मॅडम, तुमचे उपकार..." मी म्हटलं, "काका, माझे नाहीत हो." त्यांना वाटलं मी मोठेपणा नाकारतेय.

अंकिता दोन-तीन दिवसांनी शुद्धीवर आली. पहिलं वाक्य काय बोलली असेल? "टेस्ट बुडली का?" मी म्हटलं, बुडू दे गं बाई, तू तरलीस ना!

त्या दिवशी मी गावी गेले आणि आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, आई देवापुढं दिवा लावील, डोळे पुसेल. तिनं भाकरी थापता थापता नीट ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "मग तू तिला सांगितलंस का?"

"कुणाला?"

"गयाआत्याला. लेकरू उठलं म्हणून."

"आई, ती गेली की कधीच!"

"अगं, उत्तर आल्याबिगर ती कुठल्या दारातून हलली होती का कधी? तशीच उभी असंल की ती तिथं." आईनं परातीत हात झटकले. "जा आधी. सांगून ये तिला."

एरवी मी तिला काहीतरी टोमणा मारला असता. त्या दिवशी चप्पल घातली आणि लातूरची एसटी पकडली.

ऑफिसात पोरांची गर्दी परत सुरू झालेली. मी माझ्या जागेवर बसले, कमांड चालवली. भेंडी. गवार. आणि खाली...

'लेकरू उठलं न्हाई. बघा जरा.'

तशीच उभी होती हो ती. इतके दिवस. आम्ही सगळे दवाखान्यात धावपळ करत होतो, आणि कुणी तिला एक शब्द सांगितला नव्हता.

सचिन शेजारी होता, दारात पालक उभे होते, सर कुणाशी तरी फोनवर बोलत होते. मला कशाचीच लाज वाटली नाही. मी स्क्रीनकडं बघून मोठ्यानं म्हटलं, "उठलं गं आत्या. लेकरू उठलं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी परत कमांड चालवली.

भेंडी. गवार. बस्स. त्याखाली काही नाही.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. सचिननं गुपचूप पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि पहिल्यांदाच काही चेष्टा केली नाही. नंतर त्यानं आणि मी मिळून सगळं उलटंपालटं करून बघितलं. टेलिफोनवाल्यांना विचारलं, ते म्हणाले ह्या लाइनवरून मेसेज जाणं शक्यच नाही. टेस्ट डेटाबेसमध्ये अंकिताचं नाव नाही, तिच्या वडिलांचा नंबर नाही. ते वाक्य कुठून आलं, गेलं कुठं... आजपर्यंत आम्हाला कळलेलं नाही. कुणाला सुचत असेल तर जरूर सांगा, मी मनापासून ऐकेन. फक्त 'हॅकर असेल' म्हणू नका. औसा तालुक्यातली बोली बोलणारा, आणि माझ्या आत्याला ओळखणारा हॅकर असेल तर मलाच त्याला भेटायचंय.

अंकिता आता डॉक्टर आहे, नांदेडला. रात्रपाळी संपवून सकाळी वॉर्डातल्या लहान मुलांना स्वतः हाक मारून उठवते म्हणे. मी तिला सगळं सांगितलंय. दर महालक्ष्म्यांना हदगावहून पुरणाच्या जेवणाचं आमंत्रण येतं आणि मी जाते. आईसुद्धा येते.

प्लगिन पुढं सुरू झाला, अजून चालतोय. मी तो क्लास सोडला तेव्हा माझ्या जागी आलेल्या मुलीला एकच गोष्ट बजावून आले की टेस्ट डेटाबेसमधलं हजेरी घेणाऱ्याचं नाव बदलायचं नाही. तिनं विचारलं, "कोण आहेत ह्या, मॅडम?" मी म्हटलं, "स्टाफ आहेत." मी नुसतं तालमीपुरतं नाव टाकलं होतं, आत्यानं ते ड्युटी समजून घेतलं... आता मी कोण तिला कामावरून काढणार?

आणि हो. रोज सकाळी डोळे उघडले की अंथरुणातूनच मोठ्यानं सांगते, "उठले गं आत्या." मग शेजारी झोपलेल्या माझ्या लेकीच्या पाठीवरून हात फिरवते आणि तिचंही सांगते. नवरा हसतो. हसू दे.